सिक्युरिटी प्लस परीक्षेचा पहिला धडा: तीन घटना, तीन खांब

कॅनडात आल्यावर सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात शिरायचं ठरवलं की पहिलं नाव कानावर येतं ते कॉम्पटियाच्या 'सिक्युरिटी प्लस' परीक्षेचं. तुम्हीही दिवसभराची नोकरी सांभाळून, संध्याकाळी मिसिसागाच्या हेझल मॅकॅलियन सेंट्रल लायब्ररीत जाडजूड पुस्तक उघडून बसत असाल आणि त्यातल्या शेकडो संक्षेपांनी जीव दडपला असेल, तर हा धडा तुमच्यासाठी आहे.

आधी परीक्षेचं स्वरूप पाहू. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या एसवायझिरो-७०१ या आवृत्तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. गुण १०० ते ९०० या पट्टीवर मोजतात आणि उत्तीर्ण व्हायला ७५० लागतात. काही प्रश्न पर्याय निवडण्याचे, तर काही प्रत्यक्ष करून दाखवण्याचे असतात. अभ्यासक्रमाचे पाच भाग आहेत. त्यातला सर्वात मोठा 'सिक्युरिटी ऑपरेशन्स', म्हणजे रोजचं सुरक्षेचं काम, २८ टक्के आहे. म्हणजेच व्याख्या पाठ करून भागत नाही. प्रसंग देऊन 'आता काय कराल?' असं विचारतात. म्हणून संज्ञा घटनांना जोडून शिका.

सगळा विषय तीन खांबांवर उभा आहे: गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'सीआयए' म्हणतात.

गोपनीयता. तुम्ही लाइफलॅब्जमध्ये रक्त तपासायला गेला असाल. डिसेंबर २०१९ मध्ये या कंपनीने जाहीर केलं की, सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती असलेल्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले होते. नावं, पत्ते, हेल्थ कार्ड क्रमांक, काहींचे तपासणी अहवालही त्यात होते. ऑन्टॅरिओ आणि ब्रिटिश कोलंबियाच्या गोपनीयता आयुक्तांनी चौकशीअंती जे दोष दाखवले, त्यांत हे होते: संरक्षण अपुरं होतं आणि गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा केली होती. दुसरा मुद्दा वहीत लिहून ठेवा. जी माहिती साठवलीच नाही, ती चोरीला जात नाही. यालाच 'डेटा मिनिमायझेशन' म्हणतात.

अचूकता. आता पुण्याला चला. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं की 'पैसे द्यायचे का?' हा प्रश्न एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो. हल्लेखोरांनी मधेच खोटा स्विच बसवला आणि तो मुख्य प्रणालीला न विचारताच 'हो' म्हणत राहिला. मग बनावट कार्डांनी २८ देशांतून रोकड काढली गेली. दोन दिवसांनी स्विफ्टमार्फत आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले. इथे फक्त गुपित फुटलं नाही. उत्तरच खोटं झालं. संदेश खरा आहे आणि योग्य ठिकाणाहून आला आहे, हे तपासण्यासाठी हॅशिंग आणि डिजिटल सिग्नेचर असतात.

उपलब्धता. ८ जुलै २०२२, शुक्रवार. रॉजर्सचं जाळं बंद पडलं. फोन नाही, इंटरनेट नाही, दुकानात डेबिट कार्ड चालेना, अनेकांना ९११ लागेना. हॅकर कोणीच नव्हता! जाळ्यात सुधारणा करताना एक फिल्टर काढला गेला आणि मुख्य राउटरांवर माहितीचा पूर आला. दुरुस्त करणाऱ्यांची वाटही त्याच जाळ्यातून जात असल्याने त्यांनाही आत शिरता येईना. हा सुरक्षेचा प्रश्न आहे का? परीक्षेच्या दृष्टीने नक्कीच. 'चेंज मॅनेजमेंट' आणि पर्यायी मार्ग राखणं हे अभ्यासक्रमातच आहे.

आता एक सराव प्रश्न. ऑफिसातल्या एका लॅपटॉपवरच्या फाइली एकामागून एक कुलूपबंद होत आहेत. सर्वात आधी काय कराल?

अ) लॅपटॉप फॉरमॅट करणे
आ) बॅकअपमधून फाइली परत आणणे
इ) लॅपटॉप नेटवर्कपासून तोडणे
ई) कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे

चारही गोष्टी कधी ना कधी कराव्याच लागतील, म्हणून घोटाळा होतो. 'सर्वात आधी' हे शब्द अधोरेखित करा. क्रम असा: पूर्वतयारी, शोध, विश्लेषण, अटकाव, निर्मूलन, पूर्वस्थिती आणि शेवटी धडे. हल्ला ओळखला आहे, म्हणजे आता अटकाव. उत्तर 'इ'. आग लागल्यावर आधी गॅसचा कॉक बंद करतो, भिंती नंतर रंगवतो, तसंच हे.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नोकरी मिळालीच असं नाही. पण मुलाखतीत 'हा हल्ला कसा झाला आणि कुठे थांबवता आला असता' हे तुम्ही पाच मिनिटांत समजावून सांगू शकलात, तर समोरचा कान देऊन ऐकतो.

गृहपाठ: या आठवड्यात बातम्यांतली एक घटना घ्या. कोणता खांब कोसळला आणि कोणत्या उपायाने तो वाचला असता, हे मराठीत दहा ओळींत लिहा. आपल्या भाषेत सांगता आलं, की समजलं म्हणायचं.