तुकड्यांतून अखंड चित्र

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकीर्दीत, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. हा शिलालेख इतका विस्तृत आहे की, जवळून पाहावे तर त्याचा तुकडाच दिसतो आणि दूर जावे तर अक्षरे पुसट होतात. सूक्ष्मदर्शकाखालीही हीच अडचण येते. दहापट वस्तुभिंगाऐवजी चाळीसपट वस्तुभिंग लावले, की दृष्टिक्षेत्राचा व्यास चौथाईवर आणि क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर येते.

यावरील उपाय म्हणजे क्रमाक्रमाने अनेक चित्रे घेऊन ती सांधणे. मात्र चित्रे नुसती कडेला कड लावून घेतली, तर सांधा बरोबर बसला की नाही हे ठरविण्यास साधनच उरत नाही. म्हणून प्रत्येक चित्राचा सुमारे पाचवा भाग शेजारच्या चित्रातही यावा लागतो. समजा, छेद ९ मिलिमीटर रुंद आहे आणि चौकट १ मिलिमीटरची. कडेला कड लावल्यास एका ओळीस ९ चित्रे पुरतील. पाचवा भाग सामाईक ठेवल्यास ११ लागतील. ही दोन जादा चित्रे हीच सांध्याची हमी होय.

पुढील काम संगणक करतो. 'फिजी' या विनामूल्य व मुक्त आज्ञावलीत त्याची सोय आहे. कोणते चित्र किती सरकविल्यास सामाईक भाग उत्तम जुळतो, हे ती गणिताने शोधते. नंतर सर्व चित्रांचा एकत्र विचार करते, म्हणजे लहान चुका साठत जात नाहीत. भिंतीच्या छायाचित्रांसाठी 'हुगिन' ही तशीच मुक्त आज्ञावली उपयोगी पडते.

परंतु यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला साम्य तेवढे कळते. कोऱ्या भागात त्याला खूण सापडत नाही, आणि तीच नावे, तेच शब्द पुन्हा आल्यास ते भलत्याच जागी सांधा जोडू शकते. कडा एकमेकींत मिसळून टाकल्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसतही नाही. वंशवृत्तातली एक ओळ गळणे म्हणजे प्रसंगी एक पिढी गळणे होय. रोगनिदानाच्या छेदात एखाद्या पेशीसमूहाची तीच गत होईल.

यास्तव मूळ चित्रे ओळ व स्तंभाच्या क्रमांकानिशी जपून ठेवावीत, सर्वांसाठी प्रकाशमान एकच ठेवावे आणि प्रत्येक सांधा मूळ चित्रांशी ताडून पाहावा. तसे केल्यावरच अखंड दिसणारे चित्र पुरावा म्हणून स्वीकारता येते.