नारूचा निरोप

भोर तालुक्यातील भोंगवलीच्या शाळेत आज कोणी ‘नारू’ हा शब्द उच्चारला, तर मुले त्याचा अर्थ विचारतील. त्यांच्या पणजोबांच्या काळी मात्र महाराष्ट्रातील अनेक गावांत हा शब्द ऐकताच अंगावर काटा उभा राही.

नारू हा एक कृमी आहे. त्याची मादी सुतळीसारखी बारीक, पण दीड-दोन हात लांब असते. ती माणसाच्या अंगात सुमारे वर्षभर गुपचूप वाढे. मग एके दिवशी पायावर फोड येई आणि त्याची विलक्षण आग होई. फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखे टोक बाहेर डोकावे. ते ओढून काढावे, तर कृमी तुटून पाय सुजे व त्यात पू होई. म्हणून तो काडीवर गुंडाळीत रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. यात कित्येक आठवडे जात. ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळे आणि शेत तसेच पडून राही. यावर औषध नव्हते, लसही नव्हती. ती आजही नाही.

हा कृमी अंगात शिरतो तरी कसा? कोणी दैवाला बोल लावी, कोणी करणीला. १८७० साली फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने मध्य आशियात त्याचा माग काढला. नारूची पिल्ले पाण्यात पडली की सायक्लोप्स नावाचे चिमुकले जलपिसू ती गिळतात. असे पिसू पाण्यावाटे माणसाच्या पोटात गेले की पिसू मरतात, पिल्ले मात्र जगतात.

आता पायऱ्यांची विहीर डोळ्यांपुढे आणावी. पाणी भरण्यासाठी माणसे खाली उतरत व घोटाभर पाण्यात उभी राहत. नारूने पोळलेल्या पायाला तो गारवा सुखाचा वाटे. त्याच क्षणी मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडी. तेच पाणी घागरीतून घरोघर जाई. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. जो तो तहानलेला होता.

भारतात १९८३-८४ मध्ये नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या शोधात देशभर सुमारे ४०,००० रुग्ण आढळले. त्यांत महाराष्ट्रातीलही होते. आरोग्य कर्मचारी गावोगाव हिंडले. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्यांचे आड करण्यात आले, म्हणजे पाणी पोहऱ्यानेच शेंदावे लागे. ठिकठिकाणी हातपंप बसले, विहिरींत पिसू मारणारे औषध टाकण्यात आले. घरोघर घागरीच्या तोंडावर घट्ट विणीचे कापड आले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट मोडायची, हे काम वाटते तितके सोपे नव्हे!

कापडाने एवढे साधले, कारण जलपिसू नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढा तरी दिसतो. पटकीचे व विषमज्वराचे जंतू त्याच्यापुढे फारच सूक्ष्म; ते त्याच कापडातून सहज पार होतात. पाणी स्वच्छ, नितळ दिसले तरी त्यात ते असू शकतात. त्यांच्यासाठी पाणी उकळावे लागते किंवा त्यात योग्य प्रमाणात विरंजक चूर्ण मिसळावे लागते. उघड्यावरील विष्ठेवर बसलेली माशी हेच जंतू पायांना चिकटवून भाकरीवर आणते. तेथे घागरीवरचे कापड काय करणार? तेथे शौचालय हवे, अन्नावर झाकण हवे आणि जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात हवेत.

भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. तरीही कर्मचारी थांबले नाहीत. नवा रुग्ण दाखविणाऱ्यास बक्षीस जाहीर करण्यात आले आणि शोध चालूच राहिला. रुग्ण मिळाला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.