पाण्याची वाटणी माणशी करा

नाला एकच. पण वरच्या गावाने जादा उपसा केला की खालच्या गावाच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीद्वारे यावर मार्ग दाखविला. तिचे मुख्य नियम :

१) पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर.
२) भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क.
३) उसासारखी जादा पाण्याची पिके बंद.
४) जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाही.

आपल्या नाल्यावरील सर्व गावांनीही पावसाळा संपताच एकत्र बसावे, विहिरींतील पाणी मोजावे, वाटणी ठरवावी आणि मगच रब्बीची पेरणी करावी.