गळ्यातलं पदक आणि पितळी सर्प

आजचा शास्त्रपाठ : २ राजे १८:१-७



गेल्या रविवारी प्रभुभोजन घेऊन मी बाकावर परत आले, तेव्हा शेजारच्या काकूंचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. हळूच म्हणाल्या, "हे काय गं घातलंयस? आपण रोमन कॅथलिक कधीपासून झालो?" मी काही बोलले नाही. पदर पुढे ओढून ते झाकलं. आपण झाकलं का, हे मात्र मला रात्रभर टोचत राहिलं.

ते पदक चांदीचं आहे, रुपयाच्या नाण्याहून लहान, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. त्यावर संत गोन्सालो गार्सिया आहेत. ते माझं नाही, माझ्या मैत्रिणीचं. ती वसईची, कॅथलिक. आम्ही दोघींनी एकाच वॉर्डात बावीस वर्षं नर्सची नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती आली, स्वतःच्या गळ्यातली साखळी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. त्या वेळी पंथाचा विचार कोण करतो?

सकाळी थिएटरमध्ये नेताना अंगावरचं सगळं धातूचं उतरवून घेतात. मी स्वतः किती पेशंटच्या बांगड्या, जोडवी काढून नातेवाइकांच्या हातात दिली असतील! त्या दिवशी माझंही मंगळसूत्र आणि ते पदक दोन्ही रुमालात बांधून यजमानांच्या खिशात गेलं. मी आत गेले ती रिकाम्या गळ्याने. आणि खरं सांगते, आत मला भीती वाटली नाही. स्तोत्र २३ म्हणता म्हणता भूल चढली.

भीती आली ती नंतर. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. रिपोर्टची वाट बघत बाहेर बसलं की माझी बोटं आपोआप पदकाकडे जायची. मला वाटायचं, सवय आहे, दुसरं काय? मग एकदा तपासणीला निघाले, अर्ध्या वाटेत गळा चाचपला तर साखळी घरीच राहिलेली. मी रिक्षा मागे वळवली. उशीर झाला, नंबर गेला, दोन तास जास्त बसावं लागलं. पण पदक गळ्यात होतं, म्हणून मी शांत होते.

त्या शांतीची आज मला लाज वाटते.

आता वचनाकडे या. हिज्कीया राजाने उच्च स्थाने काढून टाकली, मूर्ती फोडल्या, आणि मोशेने केलेला पितळी सर्पही फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. गणना २१ वाचा. तो सर्प कोणा परक्या देवाचा नव्हता. देवानेच तो करायला सांगितला होता, आणि साप चावलेले लोक त्याच्याकडे पाहून वाचले होते. योहान ३:१४ मध्ये तर प्रभू येशू स्वतःच्या उंचावले जाण्यासाठी त्याच सर्पाचा दाखला देतो. म्हणजे वस्तू चांगली, तिची आठवण चांगली, मूळ आज्ञाही देवाची. तरी तिचं व्हायचं ते झालं. १ शमुवेल ४ मध्ये कराराच्या कोशाचं तसंच झालं. लोकांनी प्रभूला विचारलं नाही, कोश मात्र लढाईत नेला, आणि त्या दिवशी तीस हजार पडले.

म्हणून काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटलं तितकं सोपं नाही. आमच्यातल्या कित्येक जणी मंगळसूत्रात क्रूस घालतात, गाडीच्या आरशाला क्रूस लटकवतात. त्याला कोणी हरकत घेत नाही. पण रिक्षा मागे वळवायला लावणारा क्रूससुद्धा पितळी सर्पच झाला की!

आणि कॅथलिक बंधू-भगिनींवर उगाच आळ नको. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्येच सांगून ठेवलं की प्रतिमेत काही देवत्व किंवा शक्ती आहे असं मानू नये. आजच्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही ताईतासारख्या वस्तू अंगावर घालण्याचा निषेध आहे. म्हणजे मी जे करत होते ते त्यांच्या शिकवणीतही बसत नाही. आपला फरक आहे तो दुसरीकडे. ते संतांना 'आमच्यासाठी विनंती करा' म्हणतात, आपण म्हणत नाही. १ तीमथ्य २:५ प्रमाणे मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. यात मी तडजोड करणार नाही.

पण संतांची आठवणही ठेवू नये का? १५३० मध्ये ल्यूथरच्या बाजूच्या लोकांनी आउग्सबुर्ग इथे सम्राटापुढे आपला विश्वास लिहून मांडला. त्याच्या एकविसाव्या कलमात आहे की संतांचा धावा करू नये, पण त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवण्यासाठी त्यांची आठवण जरूर ठेवावी. गोन्सालो गार्सिया आपल्या वसईत जन्मले. जपानमध्ये व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले, पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर दिलं, त्यात ते होते. आपल्या कोकणपट्टीतला माणूस ख्रिस्तासाठी इतक्या दूर मेला, आणि आमच्या संडे स्कूलमध्ये मी त्यांचं नावही कधी ऐकलं नव्हतं! इब्री १२:१ मधल्या साक्षीदारांच्या मेघात आपण फक्त आपल्याच पंथाची माणसं मोजतो की काय?

सोमवारी मी मैत्रिणीकडे गेले. पदक परत द्यायचं म्हणून साखळीसकट डबीत घालून नेलं होतं. रिक्षाची गोष्ट सांगितली. ती हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "अगं, तुला दिलं त्या रात्री मी घरी जाऊन सारखी गळा चाचपत होते. झोप नाही लागली मला. म्हणून तर परत मागितलं नाही." आणि डबी बंद करून माझ्याच पिशवीत ठेवली. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करते, याची आठवण म्हणून ठेव. बाकी तुझं तू बघ."

मी बघितलं ते असं. पदक रोज घालते, आणि आता पदराखाली झाकत नाही. काकूंनाही सगळं सांगितलं. त्यांना पूर्ण पटलं नाही, आणि रोमकरांस १४ वाचून मला त्यांचा रागही येत नाही. त्यांच्या विवेकाला ठेच लागत असेल तर मंडळीत येताना काढून ठेवीन, असंही म्हटलं. "राहू दे," म्हणाल्या, पण चेहरा तोच.

तपासणीच्या दिवशी मात्र ते घरी राहणार. ज्या दिवशी भीती असेल त्या दिवशी गळा रिकामा, थिएटरमध्ये होता तसा. येत्या गुरुवारी पहिल्यांदाच तशी जाणार आहे. आत्ता लिहितानाही पोटात गोळा येतोय. माझ्यासाठी प्रार्थना करा. माझ्या मैत्रिणीसाठीही करा, पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे.