विज्ञानाचा प्रश्न आणि प्रश्नाची भाषा

परीक्षेतील प्रश्नाकडे गद्यप्रकार म्हणून कोणी पाहत नाही. तथापि लेखकाच्या एकेका शब्दाची किंमत वाचकाने गुणांत मोजावी, असे गद्य दुसरे क्वचितच सापडेल.

प्रश्नाचा कस पाहण्याची शिक्षणशास्त्रातील रीत परिचित आहे. उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या क्रमाने लावून वरच्या व खालच्या २७ टक्क्यांचे गट घ्यावयाचे. समजा, परीक्षार्थी १०० आहेत. वरच्या गटातील २४ आणि खालच्या गटातील ९ मुलांनी एका प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले. तर १५ भागिले २७, म्हणजे सुमारे ०.५६ ही त्याची भेदनक्षमता. सर्वांना येणारा अथवा कोणालाच न येणारा प्रश्न या हिशेबात शून्य ठरतो.

मुले वेगळी होतात एवढेच हा आकडा सांगतो. कशामुळे, ते सांगत नाही. ‘पृष्ठफळ वाढल्यास बाष्पीभवनाच्या वेगावर होणारा परिणाम सकारण विशद करा’ येथे अडणारे मूल ‘पसरलेले ओले धोतर लवकर वाळते, चोळामोळा केलेले का वाळत नाही?’ याचे उत्तर देऊ शकेल. उलट, पहिल्याचे उत्तर घोकलेले मूल दुसऱ्यापाशी गोंधळेल. मग भेद कोणी केला, विज्ञानाने की संस्कृतप्रचुर मराठीने? खरी गोम पुढेच आहे. संपूर्ण प्रश्नपत्रिकाच त्या मराठीत असेल, तर एकूण गुणांतही भाषेचा वाटा शिरलेला असतो. त्याच गजाने मोजलेला शब्दजड प्रश्न मग उत्तम भेदक ठरतो.

१९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अडसर ओळखला होता. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांची भाषा त्यांनी सुबोध करून पाहिली, तेव्हा मुलांचे आकलन सुधारले. मराठी परिभाषेवरील वादांत या कामाचा उल्लेख फारसा होत नाही, हे खटकते.

बंगळूरच्या इंदिरानगरसारख्या वस्तीत घरी मराठी, रस्त्यावर कन्नड व शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत गुंता वाढतो. ‘इव्हॅपोरेशन’ त्याला ठाऊक असते, ‘बाष्पीभवन’ नसते.

मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची सहावी व नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा लेखी परीक्षेवर थांबत नाही; पुढे प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन व मुलाखत असते. प्रात्यक्षिकात वस्तू समोर असते, हात बोलतो. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी लेखी प्रश्नांची चाळणी आधी ओलांडावीच लागते.