घरातला पडदा : काय पाहावे, कसे पाहावे?



घरी बसून सिनेमा आणि मालिका पाहण्याविषयी आपल्यात साधारण तीन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, टीव्ही आणि मोबाइलने घराचे वाटोळे केले, ते बंदच करून टाकावेत. काही जण म्हणतात, दिवसभर राबून आलेल्या माणसाने दोन घटका करमणूक केली तर त्यात पाप ते काय? तिसरे मत सर्वांत जास्त घरांत चालते : मुलांवर बंधन हवे, मोठ्यांना काय चांगले काय वाईट ते कळते.

पहिल्या दोन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आहे. तिसरे मत मात्र सर्वांत सोयीचे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे आहे, असे आम्हाला वाटते. या विषयाचा थोडा शांतपणे विचार करू या.

१) पडदा घरात कसा आला?

मुंबईत पहिल्यांदा चलच्चित्रे दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. त्यानंतर कितीतरी वर्षे सिनेमा ही घराबाहेरची गोष्ट होती. कोणता सिनेमा पाहायचा ते ठरवावे लागे, तिकिटाचे पैसे बाजूला काढावे लागत, जाऊन यावे लागे. खेळ संपला की दिवे लागत आणि लोक घरी परतत.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले. आळीत एखाद्याच घरी टीव्ही असे. गुरुवारी छायागीत, शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी सिनेमा असे दिवस ठरलेले होते. त्या घराची ओटी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरून जाई. ऐंशीच्या दशकात सणासमारंभाला भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर सिनेमे पाहण्याची टूम निघाली. नव्वदच्या दशकात केबल आली आणि चोवीस तास वाहिन्या सुरू झाल्या. आज सिनेमा प्रत्येकाच्या खिशात आहे.

या प्रवासात दोन गोष्टी बदलल्या. पहिली ही, की पूर्वी थांबवणारे कोणीतरी बाहेर होते. तिकीट संपत असे, खेळ संपत असे, दूरदर्शनचा कार्यक्रम संपून पडदा कोरा होत असे. आता एक भाग संपण्याआधीच पुढचा भाग सुरू होण्याची सूचना येते. ‘पुरे’ हा शब्द आता आपल्यालाच म्हणावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वी एका पडद्यासमोर अनेक डोळे असत, आता घरात जितकी माणसे तितके पडदे. आजी दिवाणखान्यात, सून स्वयंपाकघरात, मुलगा गादीवर पांघरुणात. एका छपराखाली चार जण चार वेगवेगळ्या गोष्टी पाहतात आणि सकाळी एकमेकांशी बोलायला विषय उरत नाही.

२) ख्रिस्तसभा काय सांगते?

चर्चचा सिनेमाला विरोधच आहे, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘व्हिजिलांती कुरा’ हे परिपत्रक खास सिनेमावर लिहिले. हीन सिनेमांविषयी त्यात कडक इशारा आहे, पण सिनेमा माणसाला उन्नत करू शकतो हेही त्यात मान्य केले आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली ‘मिरांदा प्रोर्सुस’ या परिपत्रकात सिनेमा, रेडिओ आणि टीव्ही या तिन्हींचा विचार केला. टीव्हीची गोष्ट वेगळी आहे, कारण तो थेट घरात शिरतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

याच पोप महोदयांनी १९५८ साली असिसीच्या संत क्लेअर हिला टीव्हीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. तिच्याविषयी परंपरेने सांगितले जाते, की नाताळच्या रात्री ती आजारी होती आणि मिस्साला जाऊ शकली नाही. तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या तिला दूरच्या उपासनेचे दर्शन घडले. आपल्या धर्मग्रामातील अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांसाठी पडद्यावरची मिस्सा हा मोठा आधार आहे, हे २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनीच अनुभवले. अर्थात ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी ही सवलत आजाऱ्यांसाठीच राहू द्यावी!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ‘इंतर मिरिफिका’ हा दस्तऐवज संमत केला. त्यातील एक विचार आपल्याला फार उपयोगी आहे. पाहणाऱ्यावरही जबाबदारी असते, असे परिषद म्हणते. चांगल्या कलाकृतींना पाहणाऱ्याने पाठिंबा द्यावा. जे स्वतःला घातक आहे किंवा ज्यामुळे दुसऱ्यापुढे वाईट उदाहरण जाईल ते टाळावे. हीन कृतींना आपल्या पैशाचे बळ मिळू देऊ नये. आज आपण तिकीट काढत नाही, पण महिन्याची वर्गणी भरतो आणि वेळ देतो. आपण जे पाहतो त्याचीच मोजदाद होते आणि तसलेच आणखी तयार होते.

पुढे १९९५ साली, सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. त्यात ‘बेन हर’ होता, ‘गांधी’ होता आणि चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ही होता. चांगला सिनेमा म्हणजे फक्त संतचरित्र नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

३) मोठ्यांना खरेच कळते का?

आता तिसऱ्या मताकडे वळू. मुलाच्या हातात मोबाइल दिसला की आपण ओरडतो. पण रात्री साडेसात ते दहा या वेळात मोठी माणसे काय पाहतात? सासूने सुनेविरुद्ध रचलेला कट, जावांचे हेवेदावे, जेवणात कालवलेले विष, खोटी कागदपत्रे, भर मांडवात मोडलेले लग्न. यात अंगप्रदर्शन नसते, म्हणून आपण याला ‘घरगुती’ म्हणतो. शेजारी बसून गृहपाठ करणारे मूल मात्र त्या घरातली भाषा ऐकत असते. मोठ्या माणसांना टोमणे कसे मारावेत, मनात एक ठेवून तोंडावर दुसरे कसे बोलावे, याची ती रोजची शिकवणी असते.

म्हणून ‘यात वाईट दृश्य आहे का?’ एवढा एकच प्रश्न पुरेसा नाही, असे आमचे मत आहे. ‘ही गोष्ट रोज पाहून आपल्याला काय साधे-सरळ वाटू लागते?’ हा प्रश्नही विचारायला हवा. डोळा हा शरीराचा दिवा आहे, असे प्रभू येशूने म्हटले. आत काय शिरते यावर आतला उजेड अवलंबून असतो, आणि हे दहा वर्षांच्या मुलाला जितके लागू आहे तितकेच साठीच्या माणसालाही.

४) दोन सायकलींची गोष्ट

व्हॅटिकनच्या त्या यादीत ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा १९४८ सालचा इटालियन चित्रपट आहे. महायुद्धानंतरच्या रोममध्ये एका गरीब माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते. कामासाठी सायकल लागते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि त्याचा लहान मुलगा शहरभर तिचा शोध घेतात. शेवटी हताश झालेला बाप स्वतःच एक सायकल चोरायला जातो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. सायकलीचा मालक त्या मुलाकडे पाहतो आणि बापाला सोडून देतो.

या चित्रपटात दोन चोऱ्या आहेत, अपमान आहे आणि शेवट गोड नाही. तरीही तो मूल्यांच्या यादीत बसला, कारण तो पाहून कोणाला चोरी करावीशी वाटत नाही. चोराचेही घर असते, हे मात्र कळते. आपणही कोणाकडे तसे पाहू शकू का, हा प्रश्न मनात राहतो.

आपल्या मराठीतही एक सायकल आहे. ‘एलिझाबेथ एकादशी’ हा २०१४ सालचा चित्रपट पंढरपुरात घडतो. वडील गेलेले, आईचे विणकामाचे यंत्र कर्जापायी जप्त झालेले, आणि ते सोडवण्यासाठी वडिलांची आठवण असलेली सायकल विकायची वेळ आलेली. मुले एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडून पैसे जमवू पाहतात. आईला न सांगता हे करावे का? चांगल्या कामासाठी लपवाछपवी चालते का? हा चित्रपट मुलांसोबत पाहून संपल्यावर एवढेच विचारून पाहा. मुले तासभर बोलतील. धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या तोंडून येईल.

सांगायचे तात्पर्य हे, की सिनेमा संपल्यावर त्यावर बोलता आले पाहिजे. ज्याच्यावर घरात मोकळेपणाने बोलता येत नाही, ते पाहण्याआधी दोनदा विचार करावा.

५) घरात काय करता येईल?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश ‘माध्यमे आणि कुटुंब’ याच विषयावर दिला होता. पालकांनी पाहण्याचे वेळापत्रक ठरवावे, वेळ मर्यादित ठेवावी, पाहणे हा कुटुंबाचा एकत्र अनुभव करावा, काही गोष्टी पूर्ण वर्ज्य कराव्यात, अधूनमधून सर्वच माध्यमे बंद ठेवावीत आणि मुख्य म्हणजे स्वतः उदाहरण घालून द्यावे, असे त्यांनी सुचवले. त्याच्या आधारे काही साध्या गोष्टी :

* आधी ठरवा, मग लावा. रिमोट हातात घेऊन ‘काय लागलंय बघू’ म्हणत बसलो, की दोन तास जातात आणि पाहिलेले काहीच आठवत नाही. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

* प्रमाणपत्र वाचा. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधल्या ‘यूए’चे आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन प्रकार आहेत. मोबाइलवरच्या वेबमालिका मात्र सेन्सॉर बोर्डाकडे जात नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार त्या कंपन्या स्वतःच वर्गवारी करतात आणि १३ वर्षांवरील वर्गापासून पुढे कुलूप लावण्याची सोय देतात. ते कुलूप लावायचे काम मात्र आपले आहे.

* लहानग्यांना जपा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. ‘मोबाइल दिल्याशिवाय घासच घेत नाही’ हे कौतुकाने सांगू नये.

* दोन वेळा राखून ठेवा. जेवणाची आणि कुटुंबप्रार्थनेची. पवित्र जपमाळ मालिकेच्या जाहिरातींत बसवता येत नाही.

* आठवड्यातून एकदा एकच पडदा. शनिवारी किंवा रविवारी सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा. निवड आळीपाळीने करावी. आजीने निवडलेला नातवाने पाहावा आणि नातवाने निवडलेला आजीने.

* एकट्या माणसाचा विचार करा. ज्या वृद्धांची मुले दूर आहेत त्यांना टीव्ही हाच सोबती आहे. त्यांना उपदेश करण्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून त्यांची मालिका पाहावी. मग टीव्ही आपोआप बंद होतो आणि गप्पा सुरू होतात.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१) गेल्या आठवड्यात आपण सर्वांनी मिळून काय पाहिले?
२) आपल्या घरात ‘पुरे’ कोण म्हणते? त्याचे ऐकले जाते का?
३) अलीकडे पाहिलेल्या कोणत्या गोष्टीने आपल्याला कोणाशी तरी अधिक मायेने वागावेसे वाटले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच सापडले, तर आपल्या घरातला पडदा चांगले काम करतो आहे असे समजावे. सापडले नाही, तर या शनिवारी एक चांगला चित्रपट सर्वांनी मिळून निवडावा आणि तिथूनच सुरुवात करावी.