फुकटाचे नव्वद सेकंद

२०२२ साली नागपुरात जो तो सिनेमा काढायला निघाला होता. मार्चमध्ये ‘झुंड’ येऊन गेला होता आणि इथल्याच वस्त्यांतली पोट्टी अमिताभ बच्चनसमोर छाती काढून उभी राहिलेली सगळ्या गावाने पडद्यावर पाहिली होती. त्या हवेत आमच्या मास कम्युनिकेशनच्या वर्गाला प्रकल्प मिळाला: न बनलेल्या सिनेमाचा नव्वद सेकंदांचा ट्रेलर करा. आमच्या गटाचा विषय पाच मिनिटांत ठरला. मारबत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी अशा दोन अजस्र मारबतींची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ची आणि पिवळीची १८८५ची सांगतात. सोबत बडगे असतात, म्हणजे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या वर्षीच्या दुखण्यांवर बोट ठेवणारे, गळ्यात पाटी अडकवलेले पुतळे. रोगराई आणि इडापिडा घेऊन जा, असं ओरडत गाव त्यांना हाकलतं आणि शेवटी जाळून टाकतं.

पैसे कुणाकडेच नव्हते. तीन फोन, एक लॅपटॉप आणि इंटरनेटवर फुकट मिळेल ते सगळं, एवढंच भांडवल. एडिटिंग माझ्याकडे आलं, कारण लॅपटॉप माझा होता. त्या फुकटाचं बिल नंतर कुठे कुठे भरलं, ते क्रमाने सांगते.

१. शूटिंग कमी करा, झोप जास्त मिळेल

मिरवणुकीला रिटेक नाही, या धास्तीने आम्ही पोळ्याच्या संध्याकाळपासूनच सुरू झालो. आदल्या रात्री बडगे बनवणाऱ्यांकडे, दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे हाणून मिरवणुकीच्या वाटेवर, इतवारीत. लाल बटण एकदा दाबलं की बॅटरी मरेस्तोवर सोडायचं नाही, आणि सगळं फोर-केमध्ये. फुटेज झालं सहा तासांचं, सव्वाशे जीबीच्या आसपास. लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, तीही निम्मी भरलेली.

हिशेब करा. नव्वद सेकंदांसाठी सहा तास म्हणजे वापरायच्या एका सेकंदामागे चार मिनिटं बघणं आलं. ती मी बघितली. त्यात तास-दीड तास तर नुसत्या लोकांच्या पाठी होत्या. रिळावर शूटिंग करणाऱ्यांना फुटाफुटाला पैसे मोजावे लागत, म्हणून ते बटण दाबण्याआधी विचार करत. आमचा विचार बटण सोडल्यावर सुरू झाला.

आता मी घरून निघतानाच कागदावर बारा शॉट लिहून नेते. त्यातले आठ हाती लागले तरी काम भागतं.

२. तिन्ही फोनची आधी पत्रिका जुळवा

एक फोन सेकंदाला ३० फ्रेम घेत होता, दुसरा ६०. तिसरा तर मनाला येईल तसा, उजेड कमी झाला की फ्रेमही कमी. फोनमध्ये हा चंचलपणा नेहमीचा आहे. तो एडिटिंगच्या टेबलावर कळतो. बडगे करणाऱ्या काकांची दहा मिनिटांची मुलाखत आम्ही त्या तिसऱ्या फोनवर घेतली होती आणि आवाज वेगळ्या फोनवर. सुरुवातीला सगळं जुळलेलं; शेवटाकडे ओठ पुढे आणि शब्द मागे. मग हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ते सगळं फुटेज एकसारख्या फ्रेमवर आणण्यात एक अख्खी रात्र गेली.

दुसरा घोटाळा ट्यूबलाइटचा. काकांच्या खोलीत बांबूच्या कामट्या, खळ, वर्तमानपत्राची रद्दी आणि डोक्यावर एक जुनी ट्यूब. स्क्रीनवर बघावं तर काळे पट्टे वरून खाली सरकतायत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. पाच सेकंदांचं काम. आम्हाला ते माहीत झालं तेव्हा काकांचा बडगा जळून राख झाला होता.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर फुटेज मागवू नका

“पाठवून राहिलो ना बे, थांब!” म्हणत आमच्या एका गड्याने त्याचे सगळ्यात चांगले वीस शॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि जागा हवी म्हणून फोनवरून उडवले. आले ते दाबून चपटे झालेले. पिवळ्या मारबतीच्या चेहऱ्यावरचे रंग चौकोनी ठिगळांसारखे दिसत होते. फोनला लागणारा ओटीजी पेनड्राइव्ह तेव्हा तीन-चारशेत यायचा. आमच्या प्रकल्पातली विकत घेण्यासारखी एकमेव वस्तू तीच होती आणि नेमकी तीच आम्ही घेतली नाही. आता माझा नियम साधा आहे: दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फोनवरून काहीही उडवायचं नाही.

४. मागे वाजणारं गाणंही कुणाच्या तरी मालकीचं असतं

पहिला कट आम्ही सरांना दाखवायला यूट्यूबवर चढवला, फक्त लिंक असेल त्यालाच दिसेल असा. काही वेळातच कॉपीराइट क्लेम. आम्ही गाणं घातलंच नव्हतं! ते मिरवणुकीतल्या डीजेने घातलं होतं. त्याच्या स्पीकरच्या भिंतींवर हिंदी सिनेमाचं गाणं ढणढणत होतं आणि यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गर्दीच्या गलक्यातूनही ते ओळखून मोकळी झाली. चित्र आपलं, पण त्याला चिकटलेला आवाज परका. तो सोलून काढता येईना.

मग इंटरनेटवरचं फुकट संगीत शोधलं. ट्रेलरमध्ये वाजतो तो गडगडाटी ‘भ्वांऽऽऽ’ सापडला तेव्हा आम्ही नाचलो. सादरीकरणाच्या तालमीत कळलं की वर्गातल्या सात गटांपैकी चौघांकडे तोच ‘भ्वांऽऽऽ’ आहे. एकाची तर प्रेमकथा होती.

शेवटी उपाय सापडला तो महाल भागातल्या मैत्रिणीच्या घरी. तिच्या आजीला आम्ही गाद्यांच्या खोलीत बसवलं. चारी बाजूंनी गाद्या-रजया असल्यामुळे खोलीत घुमारा नव्हता. फोन उशीवर ठेवला आणि आजींना म्हटलं, लहानपणी ओरडायचात तसं ओरडा. आजी आधी लाजल्या, मग पदर खोचून असं काही “घेऊन जा गे मारबत!” म्हणाल्या की आवाजाची पट्टी थेट लालमध्ये गेली. दुसऱ्यांदा फोन हातभर लांब ठेवला. ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या एका आरोळीच्या सहा प्रती केल्या, काही किंचित मागे-पुढे, काही जरा खाली उतरवलेल्या, आणि आख्खं इतवारी ओरडू लागलं. आमच्या ट्रेलरमधली गर्दी म्हणजे एकट्या आजी आहेत.

५. ड्रोन नको, गच्ची मागा

एकाच्या मावसभावाकडे ड्रोन होता आणि तो फुकट द्यायला तयार होता. नशीब, आधी नकाशा बघितला. २०२१च्या ड्रोन नियमांत देशाचं आकाश लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांत वाटलंय आणि विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध आहेत. आपला विमानतळ शहराला खेटून, वर हवाई दलाचं वायुसेनानगर. शिवाय खाली एवढी गर्दी. एक पंखा तुटला तर कुणाच्या डोक्यावर पडणार, हा प्रश्न नियमाआधी स्वतःला विचारायचा.

आम्ही इतवारीतल्या एका तीनमजली घराचं दार वाजवलं. काकूंनी गच्ची दिली, चहा दिला, कुठल्या वळणावर मारबत थोडी झुकते ते सांगितलं. तो झुकणारा शॉट ट्रेलरमध्ये आहे. ड्रोनवाल्याला हे कुणी सांगितलं असतं?

६. मराठी अक्षरांना वेगळा वेळ द्या

‘मारबत’ या नावात जोडाक्षर नाही, म्हणून आम्ही गाफील राहिलो. श्रेयनामावली टाइप केली आणि ‘विद्यार्थी’च्या चिंधड्या झाल्या. पहिली वेलांटी ‘व’ सोडून पुढे पळाली, ‘द’चा पाय मोडून ‘य’ बाजूला पडला आणि रफार बिचारा कुठेच नाही. फॉन्ट जुना, युनिकोड नसलेला. त्यात देवनागरीची जोडणी प्रत्येक सॉफ्टवेअरला जमतेच असं नाही. काही ठिकाणी दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची सेटिंग आधी चालू करावी लागते.

माझा सध्याचा तोडगा: अक्षरं जिथे नीट उमटतात तिथे लिहायची, पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र करून घ्यायची आणि ते चित्र टाइमलाइनवर ठेवायचं. फॉन्टही फुकट आणि सुरेख मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट आहे, टायरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ‘ल’ बघून कुणी उठून जात नाही हे खरं, पण इतवारीचा सिनेमा इतवारीच्या अक्षरात दिसावा.

७. सगळं सांगितलं की तिकीट कोण काढणार?

पहिला कट चार मिनिटांचा होता. त्यात इतिहास, मिरवणूक, बडगे, मुलाखत आणि शेवटी धडधडून पेटलेली मारबत, सगळं क्रमाने. सरांनी शांतपणे बघितलं. “छान सारांश आहे. आता मी सिनेमाला कशाला जाऊ?”

मग त्यांनी आम्हाला या शब्दाची गंमत सांगितली. ट्रेलर म्हणजे मागून ओढत येणारा. सुरुवातीला या जाहिराती सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडलं. अमेरिकेत पहिला ट्रेलर १९१३चा मानतात. त्याच वर्षी इकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आणि टाइपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या वडिलांचा नागपूरचा मुलगा राजकुमार हिरानी, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकून ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’चे प्रोमो कापत होता, दिग्दर्शक व्हायच्या कितीतरी आधी. “कापायला शिका,” सर म्हणाले, “बाकीचं नंतर.”

पहिल्यांदा आग काढली. सहा तासांतला सगळ्यात देखणा शॉट तोच होता, म्हणून भांडणही झालं. मग इतिहास गेला, मुलाखतीतलं एक वाक्य सोडून बाकी सगळी गेली. उरलं ते आदल्या रात्रीचं. काकांची खळीने माखलेली बोटं, कागदावरून फिरणारा तळवा, बडग्याचा कोरा चेहरा. ब्रश येतो, एक डोळा रंगवतो. मध्ये मिरवणुकीचे तुकडे, आजींची आरोळी. शेवटी ब्रश दुसऱ्या डोळ्याच्या जागी टेकणार, एवढ्यात पडदा काळा आणि वर नाव: मारबत.

सर खूश. “तो दुसरा डोळा न दाखवण्याचा निर्णय फार पक्का आहे,” म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

८. ज्या पडद्यावर दाखवायचंय, त्यावर आधी बघा

मी रात्री दिवे घालवून रंगांवर काम केलं होतं. लॅपटॉपवर त्या ट्यूबलाइटच्या खोलीतला अंधार मखमलीसारखा दिसायचा. सभागृहातला प्रोजेक्टर थकलेला, खिडक्यांचे पडदे अर्धे. तिथे मखमलीचं राखुंडं झालं. बोटं दिसेनात. आदल्या दिवशी पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटं बघितलं असतं तर अंधार थोडा उचलला असता. आता मी एकच ट्रेलर दोन प्रतींत काढते: एक फोनसाठी, एक सभागृहासाठी.

९. ज्यांचं आहे, त्यांना दाखवा

गुण बरे मिळाले. महिन्याभराने मी ट्रेलर फोनवर घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला, नव्वद सेकंद बघितलं. मग परत बघितलं.

“दुसरा डोळा?” त्यांनी विचारलं.

“तो सिनेमात, काका,” मी ऐटीत सांगितलं. “ट्रेलरमध्ये सगळं दाखवायचं नसतं.”

“सिनेमात कुठून येऊन राह्यला, पोरी?” काका म्हणाले. “मी तो रंगवला तवा त तुह्या फोनची बॅटरी मेली होती.”

पुढच्या पोळ्याच्या संध्याकाळी मी परत गेले. पॉवर बँक घेऊन.